सात हाली, सहा कलदार

शंभर रुपये कलदार, तर हाली किती?

हे गणित आता कुणी कुणाला घालत नाही. पण १९५० च्या आसपास परभणीच्या मोंढ्यात ते रोजचे होते. निजामाच्या राज्याचा रुपया तो हाली सिक्का. इंग्रजांच्या, आणि पुढे भारत सरकारच्या, रुपयाला आमच्याकडे म्हणत कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५० मध्ये भारतीय रुपया इथे चालू झाला आणि हिशोबाचा भाव ठरला सात हालीला सहा कलदार. हाली रुपया काढणे १९५१ मध्ये बंद झाले, तरी त्याचे चलन पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडले. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे दोन रुपये एकाच खिशात नांदत होते.

आता गणित सोडवू. शंभराला सातने गुणा आणि सहाने भागा. ११६ रुपये आले, चार उरले. चार रुपयांचे ६४ आणे, सहाने भागले तर १० आणे, पुन्हा चार उरले. चार आण्यांच्या ४८ पै, सहाने भागले तर ८ पै. उत्तर ११६ रुपये १० आणे ८ पै, बाकी शून्य. किती सुबक!

उलट करून पाहा. शंभर हालीचे कलदार किती? ८५ रुपये ११ आणे ५ पै, आणि एका पैचा सातवा हिस्सा उरतोच. तो कुणाचा? पुस्तकात त्याचे उत्तर नसते, पण मोंढ्यात असते. ज्याला हिशोब येतो त्याचा. :)

या एका गणितात आजच्या पाचवी ते आठवीच्या अंकगणिताचा मोठा भाग आला आहे. गुणोत्तर आहे, अपूर्णांक आहे, भागाकार आहे, एककांचे रूपांतर आहे आणि उरलेल्याचे काय करायचे हा प्रश्नही आहे. मध्यंतरी बालभारतीचे सातवीचे गणित चाळत होतो. आता या पुस्तकांच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तींचे पान असते. मुलांना काय काय करायची संधी द्यावी ते एका बाजूला, आणि त्यातून मुलाला काय यायला हवे ते दुसऱ्या बाजूला. ते वाचताना मनात आले, की आपल्या जिल्ह्यात अकरा ते चौदा वर्षांच्या पोराला 'गणित येतं' असे कोणत्या काळात कशावरून म्हणत असतील? हे हाली-कलदारचे गणित हातात धरून मागच्या शंभर वर्षांत एक चक्कर मारू या. लेख जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

परवचा

सुरुवात पंतोजीच्या शाळेपासून. तिथे ध्येय स्पष्ट होते. पाढे पाठ, आणि नुसते पूर्णांकांचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'सात दिडे साडेदहा' हे पोराच्या तोंडून झोपेतही निघायला हवे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा व्हायचा तो याचसाठी. शेर, पायली, मण, खंडी, रुपया, आणा, पै असे सगळे जग चार, बारा, सोळा, वीस या हिश्शांत वाटलेले. त्या जगाचा हिशोब पाव, अर्धा, पाऊण यांच्या पाढ्यांशिवाय होणारच नव्हता. शंभर कलदारांचे हाली काढायचे तर जुना माणूस गुणाकार-भागाकार मांडत बसत नसे. शंभराचा सहावा हिस्सा सोळा रुपये दहा आणे आठ पै, तो शंभरावर चढवला की झाले.

मूल्यमापनही तिथल्या तिथे. पोरगा तेरी साती पाशी अडला, की गुरुजींना त्याच क्षणी कळे आणि पोरालाही कळे. (पाठीलाही कळे!) या पद्धतीचे गोडवे गाणारे लेख आपण सगळ्यांनी वाचले आहेत. मला त्यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्या ओसरीवर बसायला कोण मिळत होते? मुली जवळजवळ नाहीतच, आणि गावकुसाबाहेरची मुले तर नाहीतच. दुसरे म्हणजे सात दिडे साडेदहा का, हे तिथे कुणी विचारत नसे. तरी एक गुण मान्य करायला हवा. जे शिकवले जाई तेच तपासले जाई, आणि तपासणी मुलाच्या समोर होई. हे दोन्ही धागे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जमा, तफरीक, जर्ब, तकसीम

१९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे निघाले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळू शके, पण सरकारी शाळेत वरच्या इयत्तांत गेले की गणित प्रामुख्याने उर्दूतून. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी म्हणजे तफरीक, गुणाकार म्हणजे जर्ब, भागाकार म्हणजे तकसीम. त्रिकोण झाला मुसल्लस, कोन झाला झाविया, अपूर्णांक झाला कसर, आणि भूमिती झाली उकलेदस, म्हणजे आपल्या युक्लिडचे अरबी नाव. आमच्या नात्यातल्या मागच्या पिढीच्या तोंडी यातले काही शब्द शेवटपर्यंत होते. आता गंमत बघा. आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो ते 'बेरीज' आणि 'वजाबाकी' हेही फारसी-अरबीतूनच आलेले. भाषेचे वावडे गणिताला कधीच नव्हते. प्रश्न एवढाच, की अकरा वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत विचारले तर ते उत्तर देऊ शकेल?

घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याचे पोर बापाबरोबर मोंढ्यात उभे राहून हाली-कलदार तोंडी करत असेल, पण मिडलच्या परीक्षेत तेच गणित उर्दूत समोर आले की त्याची परीक्षा आधी भाषेची होई आणि मग गणिताची. हिप्परगा, अंबाजोगाई अशा ठिकाणच्या खासगी शाळांनी मराठीतून शिकवण्याचा हट्ट धरला. स्वामी रामानंद तीर्थ हे त्याच परंपरेतले शिक्षक. मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यलढ्याची मुळे शाळांत आहेत ती अशी. आपण तो लढा सभा, सत्याग्रह आणि रझाकार यांच्यातून सांगतो. वर्गातल्या फळ्यावर त्रिकोण लिहायचा की मुसल्लस, हाही त्याचाच एक भाग होता.

१९४५ साली जन्मलेले मूल

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते एका विशिष्ट पिढीचे. समजा एक मूल १९४५ साली परभणीत जन्मले. १९५१ च्या जूनमध्ये ते पहिलीत गेले, तेव्हा राज्य हैदराबाद. १९५५ मध्ये पाचवीत आले. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, तेव्हा ते सहावीत होते. सहावी संपता संपता १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आठवीत असताना, १ ऑक्टोबर १९५८ पासून, देशात काही ठिकाणी मेट्रिक वजने सुरू झाली. दहावीत जाईपर्यंत राज्याचे नाव महाराष्ट्र झाले.

म्हणजे नेमक्या पाचवी ते आठवीच्या चार वर्षांत त्याचे राज्य बदलले, नाणे बदलले आणि वजने बदलू लागली. नव्या पैशांचा हिशोब तर गमतीचाच होता. सोळा आण्यांचे शंभर पैसे, म्हणून एक आणा सव्वासहा पैशांचा. पण सव्वा पैसा आणायचा कुठून? म्हणून ठरले, की एक आण्याचे ६ पैसे, दोनाचे १२, तीनाचे १९, चाराचे २५. एकेका आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ पैसे आणि एकदम घेतल्या तर १९! सहावीच्या मुलाला 'अंदाज' आणि 'आसन्न किंमत' शिकवायला याहून चांगला धडा नसेल. शेराचेही तेच. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, म्हणून किलो म्हणजे एक शेर आणि जवळजवळ पावणेसहा तोळे.

दशमान पद्धतीमुळे गणित सोपे झाले यात शंकाच नाही. आणे-पैंची ती जीवघेणी रूपांतरे गेली, दशांश चिन्ह पुढे-मागे सरकवले की काम झाले. पण त्याबरोबर पावकी-दिडकीचे पाढे अभ्यासातून निघून गेले. तोंडात मात्र सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच राहिले ते आजतागायत. मूल शाळेत यायच्या आधीच अडीच म्हणायला शिकलेले असते. पुढे वर्गात त्याला 'पाच छेद दोन' नावाची नवीनच वस्तू भेटते, आणि हे अडीचच आहे हे त्याला सांगायचे बऱ्याचदा राहून जाते.

संविधान तक्ता

१९५६ मध्ये अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचे पुस्तक आले. पुढच्याच वर्षी ब्लूम भारतात आले. परीक्षा सुधारणेची चर्चा इथे चालू होतीच. १९५८ मध्ये त्यासाठी केंद्र पातळीवर वेगळा विभाग निघाला. शिकागोतून निघालेला हा विचार दिल्लीमार्गे डी.एड., बी.एड.च्या वर्गांत उतरला आणि आमच्याकडच्या शिक्षकांच्या पाठटाचणात जाऊन बसला. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. प्रश्नपत्रिका काढण्याआधी संविधान तक्ता करायचा, कोणत्या घटकाला किती गुण आणि कोणत्या उद्दिष्टाला किती ते त्यात भरायचे.

कल्पना उत्तम होती. आपले गणित त्यात 'उपयोजन, चार गुण' असे बसले असते. पण शिक्षकी पेशातल्या नातेवाइकांकडून ऐकले आहे, की पुष्कळदा आधी प्रश्नपत्रिका तयार होई आणि मग तिला साजेसा तक्ता. :) हसू येते, पण दोष त्या गुरुजींचा नव्हता. १९६६ मध्ये पुण्यात माध्यमिक शिक्षण मंडळ आले, १९६७ मध्ये बालभारती आली. त्याच सुमाराच्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत गणित सर्वांना सक्तीचे असावे असे म्हटले आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते उचलले. दहा वर्षांच्या शाळेची पहिली दहावी आपल्याकडे १९७५ मध्ये झाली. तेव्हापासून पाचवी ते आठवीचे गणित स्वतःसाठी उरलेच नाही, ते दहावीची पूर्वतयारी झाले. उद्दिष्टे चार लिहिलेली असली तरी घराघरात एकच ठाऊक होते, पस्तीस गुण. गणितात गेला की वर्ष गेले, आणि मुलीचे वर्ष गेले की बहुधा शाळाच गेली.

क्षमता, नोंदी, निष्पत्ती

त्यानंतर ध्येयांचे शब्द झपाट्याने बदलले. १९९१ मध्ये दवे समितीने प्राथमिक इयत्तांसाठी 'किमान अध्ययन क्षमता' मांडल्या. आपल्याकडचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम त्याच विचाराचा. मुलाला किती गुण मिळाले हे बाजूला ठेवून, त्याला कोणती क्षमता आली आणि कोणती नाही ते पाहा, असा तो आग्रह होता. मला हे वळण फार महत्त्वाचे वाटते. पस्तीस गुण मिळालेल्या मुलाला नेमके काय येत नाही, हा प्रश्न सरकारी कागदावर ठसठशीतपणे आला.

मग १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत नापास करणे थांबले, आणि त्याच ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तो कमी होत होत सातवी-आठवीला ४०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. नीट पाहिले तर पंतोजीची ती तिथल्या तिथे तपासणी छडी काढून घेऊन परत आणली होती! शिकता शिकताच बघायचे, अडले तिथेच हात द्यायचा.

प्रत्यक्षात वहीने गणित खाल्ले. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. 'गणितातील उदाहरणे अचूक सोडवतो.' कोणती उदाहरणे? भागाकारात मधले शून्य विसरतो का? बाकी भाजकापेक्षा मोठी उरली तरी पुढे जातो का? नोंद खरी असती तर ती अशी असती. पण अशी नोंद लिहायला त्या मुलाच्या शेजारी दहा मिनिटे बसावे लागते, आणि एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असल्या की ती दहा मिनिटे आणायची कुठून?

२०१७ मध्ये इयत्तावार अध्ययन निष्पत्ती आल्या. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला देशभर संपादणूक सर्वेक्षण झाले, पुन्हा १२ नोव्हेंबर २०२१ ला, आणि नव्या नावाने ४ डिसेंबर २०२४ ला. यातून जिल्ह्याचा निकाल येतो, राज्याचा येतो. ज्या मुलाने पेपर सोडवला त्याला मात्र आपले काय चुकले ते कळत नाही. धोरण आखणाऱ्यांना अशी मोजणी हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण थर्मामीटर दवाखान्याच्या दारात लावून वॉर्डातल्या रोग्याचा ताप समजत नसतो.

आणि ताप आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०१८ मध्ये हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे निम्म्याहून जास्त मुले आपल्या हाली-कलदारच्या दुसऱ्या पायरीवरच अडतील. या काळजीतूनच २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालेल्याला जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, अशी त्यात सोय आहे. हे जादा शिकवणे कसे होते यावर सगळे अवलंबून आहे. ते नीट झाले तर ही परीक्षा मुलाच्या उपयोगाची, नाहीतर पुन्हा गाळणी.

बाकी

गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर निघतात. त्यात आठवीतली पोरे-पोरीही असतात. काहींना हंगामी वसतिगृहात ठेवतात, काही आई-बापांबरोबर फडावर जातात. त्यांच्या घरातले गणित असे असते: मुकादमाकडून घेतलेली उचल समजा ५०,००० रुपये, आणि टनाला समजा ३६० रुपये, तर उचल किती टनांत फिटेल? ५०,००० भागिले ३६०. १३८ टन, आणि ३२० रुपये बाकी. म्हणजे १३९ वा टन तोडल्याशिवाय सुटका नाही. आता या मुलीला हा भागाकार येतो की नाही, याचा निकाल कोणत्याही सर्वेक्षणाआधी फडावर लागणार आहे. मुकादमाच्या वहीतला आकडा तिला तपासता आला पाहिजे, मग बापाला उचल फिटली की नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.

शंभर वर्षांत ध्येयाचे शब्द बदलत गेले. पाठांतर, मिडल, उद्दिष्ट, क्षमता, निष्पत्ती. यातले बहुतेक शब्द चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने आणले आणि प्रत्येकात काहीतरी खरे आहे. माझे म्हणणे एवढेच, की शब्द कोणताही असो, वर्गात शेवटी शिकवले जाते ते परीक्षेत विचारले जाते तेच. आणि मुलाच्या कामी येते ती फक्त तीच तपासणी, जिचे उत्तर मुलाला त्याच्या भाषेत, लवकर, आणि 'तू इथे अडलास' असे सांगते. पंतोजीकडे यातला वेग होता, कारण विचारायची सोय नव्हती. उर्दूच्या काळात शिस्त होती, भाषा नव्हती. आकारिक मूल्यमापनात कागदावर सगळे होते, वेळ नव्हता. तो वेळ मिळवायचा तर शिक्षकांच्या हातातल्या वह्या कमी कराव्या लागतील आणि शाळेत शिक्षक वाढवावे लागतील. नवा शब्द शोधण्यापेक्षा हे महाग आहे, म्हणून ते मागे पडते.

असो. घरात १९४५ च्या आसपास जन्मलेले कुणी असेल, मराठवाड्यातले असेल तर उत्तमच, तर त्यांना हे हाली-कलदारचे गणित एकदा घालून पाहा. उत्तर बरोबर येते का ते पाहू नका, ते कसे काढतात ते शेजारी बसून ऐका. मग घरातल्या सातवीच्या मुलाला सव्वादोन एकराचे किती आर ते विचारा. एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, एवढे सांगितले तरी चालेल. उत्तर ९१ च्या आसपास यायला हवे. नाही आले तर रागावू नका, नेमके कुठे अडले ते बघा. आणि काय ऐकायला मिळाले ते मला जरूर कळवा.